चाळीस टक्क्यांची सूट आणि पंचवीस जूनची तारीख

या वेळचं पत्र कामोठ्याहून आलं आहे. एका आईने लिहिलेलं. थोडं कापून देते.

"माझ्या मुलीला यंदा बारावी सायन्सला ८८ टक्के आणि सीईटीला ९४ पर्सेंटाईल मिळाले. आम्ही ओबीसी. मिस्टर तुर्भ्याला एका कंपनीत आहेत, घरातली कमाई त्यांचीच, वर्षाला सहा लाख वीस हजार. धाकटा दहावीत. मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं आहे. एका खासगी विद्यापीठातून फोन आला की तिला चाळीस टक्के मेरिट स्कॉलरशिप मंजूर झाली आहे. पण २५ जूनच्या आत पंचाहत्तर हजार भरून सीट ब्लॉक करायची, नाहीतर स्कॉलरशिप दुसऱ्या मुलाला जाईल. ट्यूशन फी तीन लाख वीस हजार आणि बाकीची फी पंचेचाळीस हजार आहे. फोनवरचे सर म्हणाले, मुलींना सरकारने फी माफ केली आहे, ती सवलतही नंतर लावता येईल. मिस्टर म्हणतात, चाळीस टक्के कोण सोडतं? दुसरीकडे कॅपची (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) पहिली फेरी कधी लागेल ते कळत नाही. गेल्या वर्षीचं नॉन क्रिमीलेअर मार्चमध्येच संपलं, नव्यासाठी ठाण्याला गेले तर म्हणाले पनवेलला जा. काय करू? मुलीला विचारलं तर ती काही बोलतच नाही."

ताई, तारीख डोक्यावर आहे, म्हणून आधी थेट उत्तर देते. ते पंचाहत्तर हजार आज भरू नका. त्या विद्यापीठाकडून चार गोष्टी लेखी येईपर्यंत तर नाहीच, आणि त्या आल्यावरही घरात कागदावर हिशेब मांडल्याशिवाय नाही. त्याआधी उद्या सकाळी पनवेलला जाऊन नॉन क्रिमीलेअरचा, म्हणजे ओबीसी आरक्षणासाठी लागणाऱ्या दाखल्याचा, अर्ज टाका. तुमच्या पत्रातली खरी घाईची गोष्ट ती आहे, २५ जून नाही.

फोनवरच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट चुकीची आहे आणि तुमचा सगळा निर्णय तिच्यावरच टेकलेला दिसतो, म्हणून तिथूनच सुरू करते. मुलींच्या शुल्कमाफीचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा, आणि तो २०२४-२५ या वर्षापासून लागू आहे. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्वी निम्मं मिळायचं, ते आता पूर्ण मिळतं. पण त्याला दोन अटी आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. आणि खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेलाही ती मिळत नाही. याचा अर्थ असा की तुमची लेक तीच, तिचे मार्क तेच, मिस्टरांचा पगार तोच. पण तिने कुठल्या दारातून प्रवेश घेतला यावर शंभर टक्के की शून्य हे ठरतं. एकदा त्या विद्यापीठात प्रवेश घेतला की ही सवलत "नंतर लावता" येत नाही. पुढल्या वर्षीही नाही.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. दर ऑगस्टमध्ये एक तरी बाप असा यायचा की ज्याला ही गोष्ट पैसे भरल्यावर कळलेली असायची. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. त्यामुळे ज्याला त्याला मी आधी हेच विचारते: टक्के किती ते राहू द्या, जागा कुठल्या दारातली आहे? नवी मुंबईत तर हे जास्तच बघावं लागतं, कारण आपल्याकडे एकाच रस्त्यावर मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ अशी तिन्ही उभी आहेत. बाहेरून सगळी इंजिनीअरिंग कॉलेजंच दिसतात. नावावर किंवा शेजारणीच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. मधल्या काळात संस्थेचा दर्जा बदललेला असू शकतो. यंदाच्या कॅपच्या यादीत त्या संस्थेचा कोड आहे की नाही, एवढंच पाहा.

आता हिशेब. वही घ्या आणि मिस्टरांना शेजारी बसवा.

विद्यापीठाची ट्यूशन फी तीन लाख वीस हजार. चाळीस टक्के सूट फक्त ट्यूशन फीवर धरली तर एक लाख अठ्ठावीस हजार वजा होतात, उरतात एक लाख ब्याण्णव हजार. त्यात बाकीचे पंचेचाळीस हजार घाला. पहिल्या वर्षाचे झाले दोन लाख सदतीस हजार. चारही वर्षं सूट टिकली आणि फी एक रुपयाही वाढली नाही, तर एकूण नऊ लाख अठ्ठेचाळीस हजार. पहिल्या वर्षानंतर सूट गेली, तर उरलेली तीन वर्षं तीन लाख पासष्ट हजारांनी, आणि एकूण होतात तेरा लाख बत्तीस हजार. या दोन आकड्यांमधला फरक तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांचा, आणि तो एका अटीवर अवलंबून आहे. ती अट तुमच्या पत्रात कुठेच नाही. बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही.

दुसऱ्या पानावर कॅपमधलं एखादं विनाअनुदानित कॉलेज घ्या. अंदाजापुरते शिक्षण शुल्काचे एक लाख चाळीस हजार आणि विकास शुल्काचे चौदा हजार धरू. खरे आकडे शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या त्या कॉलेजला मंजूर करून दिलेले असतात आणि ते बघायला मिळतात. मुलींची शुल्कमाफी शिक्षण शुल्काला आहे, विकास शुल्काला नाही. ते आणि किरकोळ आठ हजार धरले तर वर्षाचे बावीस हजार, चार वर्षांचे अठ्ठ्याऐंशी हजार. धाकटा तीन वर्षांनी बारावी होणार आहे, त्याला मुलींची शुल्कमाफी नाही. तेव्हा आत्ताचे आठ-नऊ लाख कुठे जातात याचा विचार त्याच्यासाठीही करावा लागेल.

मिस्टर म्हणतात ते चूक नाही. चाळीस टक्के कोण सोडतं, हे बरोबर. पण ज्या किमतीवर ते चाळीस टक्के दिले आहेत ती किंमतही कुणी बघत नाही. एक लाख अठ्ठावीस हजारांची सूट मिळूनही पहिल्या वर्षीचा चेक कॅपच्या सवलतीतल्या चारही वर्षांच्या खर्चाच्या अडीच पटींहून मोठा आहे.

अटीचं म्हणाल तर माझ्या घरातलंच सांगते. माझ्या भाच्याने एका खासगी संस्थेत अशीच मेरिट स्कॉलरशिप घेतली. पत्र आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या वर्षासाठी सीजीपीए, म्हणजे दहापैकी गुणांची सरासरी, आठ हवा होता आणि एकही विषय राहिलेला चालणार नव्हता. पोराला ७.८६ पडले. अभ्यास करणारा मुलगा, दुसऱ्या सेमिस्टरला कावीळ झाली होती. दुसऱ्या वर्षाची पूर्ण फीची नोटीस आली तेव्हा माझ्या ताईने पोस्टातली ठेव मोडली. अट लिहिलेली होती, माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, आणि ती आम्ही कुणी वाचली नव्हती. शिष्यवृत्तीचं काम करणारी मी, मीसुद्धा नाही. तेव्हापासून मी कुठलंही स्कॉलरशिपचं पत्र हातात आलं की मागून पुढे वाचते.

तुम्ही त्या विद्यापीठाला आजच एक ईमेल करा. फोन नको. साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, मुलीच्या नावाने. त्यात विचारा की ही सूट एका वर्षासाठी आहे की चारही वर्षांसाठी. पुढच्या वर्षी टिकण्यासाठी किती सीजीपीए, किती हजेरी हवी आणि एक केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर काय. सूट ट्यूशन फीवर आहे की एकूण फीवर, आणि चार वर्षांत फी वाढणार असेल तर सूट वाढलेल्या फीवर धरणार का. आणि २५ जूनला पैसे भरून नंतर प्रवेश रद्द केला तर किती रक्कम कधी परत मिळेल, तुमची प्रवेशाची अधिकृत अंतिम तारीख कोणती. जी संस्था खरोखर गुणवत्तेसाठी पैसे देते, ती याचं उत्तर दोन दिवसांत देते. उत्तर न येता पुन्हा फोनच आला, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कदाचित तुम्हाला ती जागा हाताशी ठेवावीशी वाटेल. कॅपमध्ये मनासारखं मिळालं नाही तर, ही भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शुल्क परताव्याचे नियम काढले, ते खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही लागू आहेत. संस्थेने जाहीर केलेल्या प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, त्यातून प्रक्रियेसाठी पाच टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजार कापता येतात. त्या तारखेआधी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर नव्वद टक्के. तारखेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत पन्नास, आणि महिना उलटला की काही नाही. २०२४-२५ या वर्षासाठी तर आयोगाने आणखी सैल नियम केला होता: ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा. यंदासाठी कुठलं परिपत्रक निघालं आहे ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून त्याची प्रत जवळ ठेवा. सगळं मोजायचं ते "अंतिम तारखे"पासून, म्हणून ती तारीख लेखी हवी.

आणि मूळ कागद देऊ नका. कुणालाही. दाखवा, तपासू द्या, परत घ्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला त्याच नियमांत मनाई आहे. कॉलेज सोडल्याचा दाखला एकदा तिकडे जमा झाला की कॅपच्या कॉलेजात हजर होण्याच्या दिवशी तुम्ही दोन कार्यालयांच्या मध्ये पळत राहता, आणि ती मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

मुळात ही कोंडी होते ती कॅलेंडरमुळे. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, पीसीएमच्या (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) सीईटीचा जूनच्या मध्यावर, कॅपची नोंदणी जूनअखेर सुरू झाली आणि पहिल्या फेरीचं वाटप पाहायला जुलै संपत आला. मे ते जुलै हे जे जवळजवळ तीन महिने पालक अंधारात असतात, नेमक्या त्याच दिवसांत "आज भरा" असे फोन येतात. तुम्हाला घाबरायला होतं यात तुमचा दोष नाही. पण त्या अंधारात बसूनही थोडं दिसू शकतं. गेल्या वर्षीच्या कॅपच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर उघडे असतात. त्यात मुलीसाठी फक्त खुल्या प्रवर्गाचा रकाना बघू नका, पालक हीच चूक करतात. 'एल' अक्षराने सुरू होणारे रकाने मुलींच्या राखीव जागांचे. तीस टक्के जागा मुलींसाठी असतात. एल आणि ओबीसी असा जो रकाना आहे, तो तुमच्या लेकीचा आणि खुला मुलींचा रकानाही तिचा. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर, पनवेल, घोडबंदर इथली दहा-बारा कॉलेजं घ्या आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स अशा चार शाखांचे शेवटच्या फेरीचे आकडे वहीत उतरवा. एका संध्याकाळचं काम आहे. ९४ ला काय मिळू शकतं आणि काय नाही हे तुम्हाला फोनवरच्या कुठल्याही सरांपेक्षा चांगलं कळेल.

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॅपमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या फॉर्मबद्दल, एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा आला की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली तरी तेच. मग पुढे बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी वरची पसंती मागणं, नाही. ती जागा सोडली तर पुढच्या फेऱ्याही गेल्या. त्यामुळे "बघू तरी मिळतंय का" म्हणून पहिल्या सहांत काहीही भरू नका. तिथे तेच लिहा जे मिळालं तर त्याच दिवशी आनंदाने जाऊन प्रवेश घ्याल. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा भाग बदलला आहे का ते पहिल्यांदा पाहा. पुस्तिका लांबलचक असते, पण फ्रीझचा भाग छोटाच असतो.

त्याच फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) नावाच्या जागा दिसतील. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर पाच टक्के जास्तीच्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी, शिक्षण शुल्क माफ. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो, आपोआप मिळत नाही. कटऑफ चढा असतो आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. तुमच्या लेकीला शुल्कमाफी दुसऱ्या वाटेनेही मिळणार असल्याने तिच्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न नाही. धाकट्यासाठी मात्र हे नाव आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

आता कागद. कामोठे, खारघर, कळंबोली हे बोलण्यात नवी मुंबई असलं तरी तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. बेलापूरपर्यंत ठाणे तालुका, त्याच्या पलीकडे पनवेल. तुमचा दिवस वाया गेला, पण तुमच्यासारख्या कितीतरी जणी तिथून परत फिरतात म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, किंवा पनवेलच्या सेतू केंद्रात जा. एकाच फेरीत दोन अर्ज टाका: नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला. आठ लाखांचा आकडा दोन्हीकडे ऐकू येतो म्हणून लोक समजतात की एकावर दुसऱ्याचं काम भागेल. भागत नाही. एक आरक्षणासाठी, दुसरा शुल्कमाफीसाठी, आणि दोन्हीतला उत्पन्न मोजायचा हिशेबही एक नाही. नॉन क्रिमीलेअर पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं; उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर काढलेला, चालू वर्षाचा. अधिवास प्रमाणपत्र घरात असेलच, ते त्याच फायलीत ठेवा.

जात वैधतेबद्दल, म्हणजे जात पडताळणी समितीच्या प्रमाणपत्राबद्दल, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही आणि त्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज बहुतेक कॉलेजं समितीकडे पाठवतात. तुमच्या कॉलेजने पाठवला होता का, प्रमाणपत्र हातात आलं का, हे आजच बघा. अर्जाच्या पावतीवर तात्पुरतं पुढे जाऊ दिलं, तरी दिलेल्या तारखेला मूळ वैधता प्रमाणपत्र नसेल तर मूल खुल्या प्रवर्गात जातं. मग वहीतले सगळे रकाने बदलतात. तुमच्या बाबतीत समिती रायगड जिल्ह्याची की मूळ गावच्या जिल्ह्याची, हे जातीचा दाखला कुठून काढला त्यावर आहे. पावतीवर लिहिलेलं असतं.

शुल्कमाफीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, करायचा असतो, प्रवेश झाल्यावर, आणि दर वर्षी नव्याने. हे "दर वर्षी" मी दोनदा लिहायला तयार आहे. पहिल्या वर्षी आईबाप सगळं करतात, दुसऱ्या वर्षी वाटतं की आता चालू झालं, आणि फॉर्म राहून जातो. आपल्या मघाच्या हिशेबात त्या एका विसरण्याची किंमत एक लाख चाळीस हजार आहे. सबमिट दाबलं म्हणजे झालं असंही नाही. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो, आणि कुठेही त्रुटी निघाली तर परत मुलीच्या लॉगिनला येतो. तिथे तो महिनोन्‌महिने पडून राहिलेला मी पाहिला आहे, कारण नोंदवलेला मोबाईल वडिलांचा आणि वडील नाईट शिफ्टला. पंधरा दिवसांतून एकदा तिने स्वतः लॉगिन करून बघायचं, असा घरात नियम करा. मुदत दर वर्षी वाढते असं पोरं एकमेकांना सांगतात. वाढलीच नाही तर कुणीच जबाबदार नसतं.

बँकेचं खातं मुलीच्या नावाचं आणि आधारशी सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं, हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी पैसे सगळ्यांत शेवटी ज्या खात्याला सीड केलं त्यात जातात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, दिव्याला राहणारी. तिचे पैसे शाळेत असताना काढलेल्या आणि मग विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. आणि कॅपच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात शांतपणे विचारा की माफीतलं शिक्षण शुल्क आत्ता भरायचं आहे का. काही ठिकाणी आधी मागतात. शासन निर्णयाची प्रत फायलीत असली की हा संवाद सोपा होतो.

आणखी एक सापळा, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठीही. जुलै-ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचे मेसेज फिरायला लागतात. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे, वर्षाला पन्नास हजार, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. केंद्राची दुसरी एक आहे, बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाईलच्या वर असलेल्यांसाठी. देशभरात वर्षाला ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दर वर्षी बारा हजार. तिला उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे, म्हणून ती तुमच्यासाठी नाही. पण ज्यांच्यासाठी आहे त्यांनी अटी वाचाव्यात: राज्याची शिष्यवृत्ती, शुल्कमाफी किंवा प्रतिपूर्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. प्रगतीच्या अर्जातही दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसल्याचं सांगावं लागतं. बारा हजार खात्यात दिसतात म्हणून हरखून आधी ती घेतली आणि एक लाख चाळीस हजारांची माफी अडकली, असं होऊ शकतं. दोन्हींचे फॉर्म भरून "जी लागेल ती" असं करू नका. कुठली मोठी आणि कुठली खात्रीची ते ठरवा आणि तीच धरा. तुमच्या बाबतीत कॅपमधून प्रवेश मिळाला तर ती मुलींची शुल्कमाफी.

ज्यांच्या मुलांना इंजिनीअरिंग नकोच आहे, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र असलं काही मनापासून शिकायचं आहे आणि जी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आहेत, त्यांच्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ऐंशी हजार, त्यातले वीस हजार उन्हाळी संशोधनासाठी, आणि उत्पन्नाची अट नाही. मात्र बीएस्सी आयटीला ती नाही. ठाण्यात या दोन अक्षरांच्या घोळात चांगल्या मुलांनी ती घालवलेली पाहिली आहे. कॉलेज निवडताना विषयाचं नाव त्या यादीत आहे का ते आधी बघा.

मला विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या घरच्या उत्पन्नात, धाकटा मागे असताना, तुमच्या लेकीने कॅपची वाट धरावी. कॉम्प्युटर नाही मिळालं आणि आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तरी धरावी. मात्र आकडे वहीत उतरवल्यावर असं दिसलं की तिला चालेल अशी एकही शाखा पोहोचण्यातली नाही, तर विद्यापीठाची ईमेल, परताव्याची तारीख आणि पुढच्या वर्षीची अट समोर ठेवून पुन्हा बोलू. तेव्हा कर्जाचाही हिशेब करू. आज नको.

राहिली मुलगी. ती काही बोलत नाही असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं आहे आणि मी ती ओळ सगळ्यांत जास्त वेळा वाचली. आठ सीजीपीए चार वर्षं टिकवायचा असेल तर तो तिला टिकवायचा आहे. इतके लाख आपल्यावर लागले आहेत हे ओझं घेऊन परीक्षेला बसायचं असेल तर तिलाच बसायचं आहे. तिला कदाचित भीती वाटत असेल की तिचं म्हणणं मिस्टरांच्या म्हणण्याच्या उलट निघेल. रविवारी मिस्टरांना सुट्टी असेल तेव्हा कटऑफचा लॅपटॉप किंवा मोबाईल तिच्याच हातात द्या, वही तुम्ही धरा, आणि पहिल्या सहा पसंत्या तिला एकटीला लिहू द्या. मध्ये बोलू नका. ती यादी आणि विद्यापीठाचं उत्तर आलं की मला पाठवा; रकाने बरोबर वाचलेत का ते मी तपासून देते. पनवेलच्या अर्जाची पावतीही सोबत जोडा, त्यावरची तारीख मला बघायची आहे.